सदस्यत्व कर्ज फिटेपर्यंतच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या आणि पुढे 2024 मध्ये अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा त्या ज्या संघटनेच्या सदस्या आहेत त्या ‘अल्फा कप्पा अल्फा’चे नाव मराठी बातम्यांत दोन-चार दिवस दिसले. कृष्णवर्णीय महिलांची सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मैत्रिणींचे मंडळ, एवढीच ओळख करून दिली गेली आणि विषय मागे पडला. ही ओळख अपुरी आहे. कोकणातले महिला बचत गट आज ज्या ठिकाणी अडून बसले आहेत, त्याच ठिकाणी या संघटनांनी शंभर वर्षांपूर्वी वाट काढली होती. ती वाट कशी काढली, हे इथल्या ग्रामसंघांना, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघांना, आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना कळावे, म्हणून हे पत्र.

वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात 15 जानेवारी 1908 रोजी एथेल हेजमन लाइल यांच्या पुढाकाराने अल्फा कप्पा अल्फा सुरू झाली. तिच्यातून बाहेर पडलेल्या 22 विद्यार्थिनींनी 13 जानेवारी 1913 रोजी डेल्टा सिग्मा थीटा काढली. बाहेर पडण्याचे कारण असे की, त्यांना चहापान आणि समारंभांपलीकडे जाऊन उघड सार्वजनिक काम करायचे होते. दोन महिन्यांच्या आत, 3 मार्च 1913 रोजी, त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. कृष्णवर्णीय बायकांनी मोर्चाच्या शेपटाकडे चालावे असा दबाव असताना त्या चालल्या, आणि त्यांच्यासोबत मेरी चर्च टेरेल यांच्यासारखी ज्येष्ठ कार्यकर्ती चालली. त्याच वर्षीच्या जुलैत मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे मूळ असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोहोचले. पुढे 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडचे कृष्णवर्णीय आणि इकडचे अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य मांडले. तेव्हा तिकडचे आपल्याला काय उपयोगाचे, असे निदान कोकणाने तरी म्हणू नये. 1920 मध्ये हॉवर्डमध्येच पाच जणींनी झीटा फाय बीटा आणि 1922 मध्ये इंडियानापोलिसला सात शिक्षिकांनी सिग्मा गॅमा ऱ्हो स्थापन केली. या चारही संघटना आजही चालू आहेत. एकट्या अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्या तीन लाखांहून अधिक आहेत.

शंभर वर्षे टिकण्याचे कारण त्यांच्या सदस्यत्वाच्या रचनेत आहे. प्रत्येक संघटनेच्या शाखा दोन प्रकारच्या असतात. एक कॉलेजात शिकणाऱ्या मुलींची, दुसरी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या बायकांची. पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. मुलगी नोकरीच्या किंवा सासरच्या गावी जाते आणि तिथल्या मोठ्यांच्या शाखेत नाव वर्ग करून घेते. कॉलेजच्या शाखेवर मोठ्यांच्या शाखेतली एक सल्लागार नेमलेली असते. हिशेब, कार्यक्रम, नव्या मुलींचा प्रवेश या सगळ्यावर तिची नजर असते. वर्गणी दर वर्षी भरायची. ती थकली तर नाव कापत नाहीत, पण बाकी भरेपर्यंत मत देता येत नाही आणि पद घेता येत नाही. म्हणजे दार कायमचे कुणालाच बंद नाही आणि फुकटचा मानही कुणाला नाही. नियम साधा आहे, पण अर्धी भांडणे त्याने होण्याआधीच मिटतात.

आता आपल्याकडे पाहू. बचत गटांनी कोकणात मोठे काम केले, याबद्दल दुमत नाही. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेले हिशेब ही पंचसूत्री महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान (उमेद) यांच्या प्रशिक्षणांतून वाडीवाडीत पोहोचली. सावकाराचे दार सुटले. आमसूल, आगळ, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांना बाजार मिळाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. पण गटाचा कणा कर्ज हा आहे. कर्ज फिटले आणि नवे नको असले की बाई बैठकीला यायची थांबते. मुलीचे लग्न ठरले की तिची बचत हातावर ठेवून नाव कमी करतात. सासरी नव्या गटात ती नवखी. तिथे आधीच वीस जणी पूर्ण, म्हणून जागा नाही. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास काम केलेली मुलगी पदवीनंतर गावच्या कुठल्याच यादीत नसते. दोन वर्षे तिने बंधारे बांधले, सर्वेक्षणे केली, सात दिवसांच्या शिबिरात शंभर माणसांचा स्वयंपाक सांभाळला. तो अनुभव कुणी विचारतही नाही.

कोकणाला दुहेरी शाखेची रचना अनोळखी नाही. गावात वाडी आणि लालबाग-परळला त्याच गावाचे ग्रामस्थ मंडळ, ही पद्धत गिरणीच्या दिवसांपासून चालत आली आहे. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, शिमग्याची पालखी, सारे मुंबईच्या वर्गणीवर झाले. मात्र त्या मंडळांच्या वहीत पुरुषांची नावे असतात. बायकांच्या वाट्याला हळदीकुंकू आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला औक्षण. लग्न होऊन डोंबिवलीला किंवा विरारला गेलेली लेक माहेरच्या मंडळात नसते, कारण ती आता ‘त्यांच्या’ गावची. आणि सासरच्या मंडळात नवरा असतो. आमचे म्हणणे एवढेच आहे: ग्रामसंघाने कर्जाच्या सदस्यत्वाशेजारी दुसरे, सेवेचे सदस्यत्व सुरू करावे. ते जन्मभराचे असावे, गाव बदलले तरी वर्ग होणारे असावे, आणि लेकींना माहेर व सासर दोन्हीकडे खुले असावे.

सेवा म्हणजे काय, याचा धडा मिसिसिपीत सापडतो. अल्फा कप्पा अल्फाच्या तेव्हाच्या अध्यक्षा आयडा जॅक्सन या मूळच्या मिसिसिपीच्या. त्यांनी 1934 मध्ये तिथल्या होम्स काउंटीत खेड्यातल्या शिक्षिकांसाठी उन्हाळी शाळा घेतली. शाळा चालवताना लक्षात आले की मुले उपाशी आणि आजारी आहेत. मास्तरीण कितीही चांगली झाली तरी ती कुणाला शिकवणार? पुढच्याच वर्षी योजना बदलली. डॉ. डॉरोथी फेरेबी यांच्या देखरेखीखाली डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिकांची मोजकी तुकडी स्वतःच्या मोटारी चालवत वॉशिंग्टनहून मिसिसिपीला गेली. घटसर्प आणि देवीच्या लसी टोचायच्या, दात पाहायचे, आहाराची माहिती द्यायची, असा बेत होता. ठरवलेल्या जागी दवाखाना थाटला, पण माणसे येईनात. कापसाच्या मळ्यांवरची वाटेकरी कुटुंबे मालकाच्या परवानगीशिवाय हलू शकत नव्हती आणि मालक परवानगी देत नव्हते. तेव्हा या बायकांनी सामान परत मोटारींत भरले आणि दवाखानाच मळ्यावर नेला. झाडाखाली चादर टाकून, मुकादमांच्या पहाऱ्यात, लस टोचली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दर उन्हाळ्यात हे काम चालले. आपल्याकडे अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप 1933 ते 1939 असा चालला, तोच हा काळ. खोताच्या परवानगीविना कुळाला पाऊल उचलता येत नसे हे ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना त्या मळ्याचे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

त्या कामातून घेण्यासारख्या गोष्टी आम्हाला स्पष्ट दिसतात. आधी ठरवलेली योजना गरजेपुढे बदलायची. लोक येत नाहीत म्हणून लोकांना नावे ठेवायची नाहीत. ते का येऊ शकत नाहीत ते शोधायचे. आणि एकच काम हाती घेऊन तेच दर वर्षी करायचे. आपल्या महिला दिनाच्या कार्यक्रमांत या तिन्ही गोष्टींचा अभाव असतो. एका वर्षी रक्तगट तपासणी, पुढच्या वर्षी पाककृती स्पर्धा, त्यानंतर कापडी पिशव्या. कशाचाच माग राहत नाही.

आता कामाबद्दल. झीटा फाय बीटाने ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेसोबत 1972 पासून ‘स्टॉर्क्स नेस्ट’ नावाचा उपक्रम चालवला आहे. गरोदर बाईने तपासणीला गेले, माहितीच्या वर्गाला बसले की तिला गुण मिळतात, आणि त्या गुणांवर बाळाचे सामान घेता येते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू गोऱ्या मातांच्या जवळपास तिप्पट आहेत, आणि हा उपक्रम त्या दुखण्यावर हात ठेवतो. सामान दान म्हणून दिले जात नाही, ते त्या बाईने मिळवलेले असते. हे कोकणात करता येईल, आणि सरकारी योजनांच्या आड न येता करता येईल.

आम्ही सुचवतो तो आराखडा शंभर गुणांचा आहे. पहिल्या बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून तपासणी झाली तर 20 गुण. सर्वांत जास्त गुण इथेच ठेवावेत, कारण ‘तीन महिने कुणाला सांगायचे नाही’ या समजुतीने हीच तपासणी चुकते आणि रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉइड लवकर कळायची संधी जाते. पुढच्या तीन तपासण्या, म्हणजे 14 ते 26 आठवडे, 28 ते 34 आठवडे आणि 36 आठवड्यांनंतर, यांना प्रत्येकी 10. टीडीच्या, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीच्या, दोन डोसांना 5-5. मागचे बाळंतपण तीन वर्षांच्या आतले असून तेव्हा दोन्ही डोस झाले असतील तर या वेळी एकच बूस्टर लागतो, त्याला पूर्ण 10 द्यावेत. लोहाच्या गोळ्या 180 दिवस, म्हणजे दहाच्या 18 पट्ट्या. दर पट्टीला 1. अंगणवाडीत चार वर्ग, प्रत्येकी 3. दवाखान्यात बाळंतपण, 10. बेरीज बरोबर शंभर होते.

यात कुठे काय बिघडते ते आधीच सांगितलेले बरे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, मळमळते, पोट जड होते. हे कुणी सांगितलेले नसते, मग गोळी कोंबड्यांच्या पुढ्यात जाते आणि रिकामी पट्टी गुणांसाठी येते. यावर पोलिसगिरी करून उपाय होत नाही. पहिल्या वर्गातच सांगावे की काळा रंग लोहाचा आहे, घाबरू नका. गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहा गोळीच्या आधी आणि नंतर तासभर टाळा, कारण चहाने लोह शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळी लोहासोबत कधीही घेऊ नका, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लिंबू किंवा आवळ्याने फायदा होतो. खरी परीक्षा हिमोग्लोबिनची. ते गरोदरपणात 11 च्या खाली गेले तर रक्तक्षय, आणि 7 च्या खाली गेले तर वाट न पाहता रुग्णालय. वहीत पट्ट्यांच्या रकान्याशेजारी हिमोग्लोबिनचा रकाना ठेवा. पट्ट्या भरलेल्या आणि आकडा हलत नसेल, तर आशाताईने बाईशी एकटीत बोलावे.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी असते, पण ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी असते. पहिली तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी लागते. 9 तारखेला रविवार किंवा सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी शिबिर होते. हे ठाऊक नसल्याने बायका एसटीचे भाडे घालून जातात आणि कुलूप पाहून परततात. अशा एका फुकट खेपेनंतर त्या पुन्हा जात नाहीत.

बाळाचे सामान बाळंतपणाआधी घरी आणत नाहीत, ही आपल्याकडची रीत आहे. तिच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. गुण वहीत जमा राहू द्यावेत आणि सामान बारशाला द्यावे. काय द्यायचे तर धुऊन मऊ केलेल्या सुती कापडाची एक डझन लंगोट, सहा झबली, चार दुपटी, दोन टोपडी, बाळाची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणि ताप पाहायचा डिजिटल थर्मामीटर. झबल्यांची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, आतली शिवण अंगाला काचते. बंद पुढे असावेत, डोक्यावरून घालायचे नकोत. दुधाची बाटली आणि पावडरचे डबे कुणी देणगीत दिले तरी घेऊ नयेत, कारण सहा महिने फक्त अंगावरचे दूध हेच आपण वर्गात शिकवणार आहोत. शिवणकाम गटातल्याच बायकांना दिले तर पैसा गावात राहतो. अशा संचाला साधारण 900 रुपये धरावेत.

दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीसच्या आसपास बाळंतपणे होतात. म्हणजे 18,000 रुपये. सहा गटांच्या मिळून 75 बायकांनी महिना 20 रुपये दिले तर वर्षाला 18,000 होतात. मुंबईच्या लेकींची वर्गणी यात धरलेली नाही. ती रिक्षाभाडे, वह्या, वजनकाटा आणि अडीनडीसाठी वेगळी ठेवावी. हे पैसे गटाच्या बचत खात्यात कधीही मिसळू नयेत. बचत ही त्या बाईची असते, गट सोडताना परत मिळते. सेवेची वर्गणी परत मिळत नाही. दोन्ही एका पासबुकात आल्या की पहिली बाई गट सोडते त्या दिवशी भांडण होते, आणि बँकेच्या श्रेणी तपासणीत हिशेब जुळत नाही. ग्रामसंघाच्या नावे वेगळे खाते, दोघींच्या सह्या, आणि पावतीवर छापील ओळ: ‘ही रक्कम परत मिळणार नाही.’

या साऱ्यात सर्वांत अवघड गाठ माहेरची आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहते, माहेरच्या उपकेंद्रात तिची नोंद नसते, आणि जे शेवटचे दोन महिने सर्वांत जोखमीचे त्यांतच तिच्यावर कुणाची नजर नसते. वसई-विरारहून बाळंतपणाला गावी येणाऱ्या लेकीचेही तेच. एका गावाने कितीही चांगली वही ठेवली तरी ही गाठ सुटणार नाही. इथे वर्ग होणाऱ्या सदस्यत्वाचा उपयोग होतो. सासरच्या ग्रामसंघाने गुणांची चिठ्ठी लिहून द्यावी, माहेरच्या ग्रामसंघाने ती मानावी आणि पुढचे गुण तिच्यावरच चढवावेत. सामान बारसे जिथे होईल तिथे मिळावे. कार्ड पिशवीत घातले का, हे निघायच्या आदल्या दिवशी घरी जाऊन पाहणे हे एका सदस्येचे नेमून दिलेले काम असावे. बाळंतपणासाठी 102 आणि तातडीच्या वेळी 108, हे क्रमांक त्याच चिठ्ठीच्या मागे छापावेत.

वही दोघींनीच पाहावी, आशाताई आणि एक नोंद ठेवणारी. बैठकीत कुणाचे गुण वाचून दाखवू नयेत. गर्भपात झाला किंवा बाळ गेले तर ते पान काही न विचारता मिटवावे आणि जमलेल्या गुणांइतके अहळीव, खजूर, तूप असे तिच्या स्वतःच्या अंगी लागेल ते घरी पोहोचवावे. कितवे बाळंतपण, मुलगी की मुलगा, लग्न झाले की नाही, यावर गुण कमी-जास्त होता कामा नयेत. हे नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावेत. प्रसंग आल्यावर नियम करायला बसलो की त्यात माणसे दिसतात.

दुसरे काम पाण्याचे. सिग्मा गॅमा ऱ्हो 2012 पासून अमेरिकेच्या जलतरण संघटनेसोबत ‘स्विम 1922’ चालवते. आकडा स्थापनेच्या वर्षाचा. तिथे कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांत उतरू देत नसत, आणि न्यायालयांनी तलाव सर्वांना खुले करायला लावले तेव्हा काही गावांनी ते बुजवून टाकले. आई-बापाला पोहता येत नाही, म्हणून मुलांना पाण्याजवळ जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांनाही येत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा 20 मार्च 1927 ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाणी आणि माणुसकी यांचे नाते सांगायला नको. आज आपल्याकडे पाण्याची अडवणूक मुलींच्या वाट्याला येते. वाडीतले मुलगे विहिरीत नि खाडीत उड्या मारून शिकतात. मुलीला ‘शोभत नाही’ म्हणून काठावर ठेवतात. तीच मुलगी पुढे कालवे आणि तिसऱ्या हे खायचे शिंपले काढायला कमरेइतक्या पाण्यात उतरते, तीही साडी नेसून. साडी पाण्यात आधी फुगते, मग भिजून पायांना गुंडाळते.

शिकवायची जागा समुद्र नव्हे आणि नदीतला कोंडही नव्हे. वनराई बंधाऱ्यामागे डिसेंबर ते मार्च छातीपर्यंत स्थिर पाणी असते, ते उत्तम. आधी तळ पायाने चाचपून दगड आणि गाळ पाहून घ्यावा. चार मुलींमागे एक पक्की पोहणारी बाई, काठावर दोरी धरून दुसरी. ओढणी नको; लेगिंग आणि टी-शर्ट. पहिले दोन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे. मग पाठीवर तरंगणे. हे आले की बुडण्याचा धोका बराच कमी होतो, हात मारणे नंतर आले तरी चालते. घाई करून आधी हात शिकवले की मान वर राहते, पाय खाली जातात आणि दोन मिनिटांत दमछाक होते. कोकणात पूर्वी कमरेला सुके भोपळे बांधत. आता घट्ट झाकणाचे पाच लिटरचे रिकामे कॅन चालतात. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नये हे सगळ्यांत आधी शिकवावे. तो कॅन दोरी बांधून फेकावा, आणि आत ओंजळभर पाणी ठेवावे, नाहीतर कोरडा कॅन वाऱ्याने भलतीकडे जातो.

कालवे काढणाऱ्या बायकांना तिथीची पाऊणपट माहीत असते: पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती आणि दहाच्या सुमाराला ओहोटी. हे ढोबळ गणित नव्या सुनांना कुणी शिकवत नाही. उधाणाची मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला येते. मोठी ओहोटी म्हणजे जास्त कालवे, म्हणून संध्याकाळीही बायका जातात, आणि पाणी परतताना अंधार पडतो. पाणी चढते तेही सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकेच, म्हणून अजून वेळ आहे असे वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी चौथा हिस्सा चढतो. वाळूच्या पट्ट्यावर असाल तर किनाऱ्याकडची नळी, म्हणजे खोलगट भाग, आधी भरते आणि परतीची वाट पाठीमागून बंद होते. ओहोट पूर्ण झाली की तासाच्या आत पट्टा सोडायचा, हा नियम प्रत्येक गटाने मुलींकडून पाठ करून घ्यावा.

या सोरॉरिटींत सगळेच चांगले आहे असे आम्ही म्हणत नाही. नव्या मुलींना प्रवेशाआधी महिनोन्महिने राबवून घेण्याची आणि छळण्याची रीत त्यांच्यात होती. 1990 मध्ये ती अधिकृतपणे बंद केली, तरी लपूनछपून चालू राहिली आणि त्यात काही मुलींचे जीवही गेले. शिकलेल्या, बऱ्या घरच्या, उजळ रंगाच्या मुलींनाच घेतात, हा आरोपही त्यांच्यावर त्यांच्याच समाजातून झाला. भगिनीभाव वाढला की त्याची भिंतही वाढू शकते. आपल्याकडे ही भिंत आधीच उभी आहे. कोकणात वाडी म्हणजे बहुतेक वेळा एक जात: कुणबीवाडी, भंडारवाडी, मराठवाडी, बौद्धवाडी. गट वाडीचा असतो, म्हणून गटही एका जातीचा होतो. सेवेची शाखा वाडीची न करता गावाची करावी. बैठक दर महिन्याला वेगळ्या वाडीत घ्यावी, पण कुणाच्या घरात न घेता अंगणवाडीत किंवा शाळेत घ्यावी. चहा त्या त्या वाडीतल्या बायकांनी करावा आणि सगळ्यांनी प्यावा. कोण पीत नाही ते पहिल्या फेरीतच कळते, आणि तिथूनच बोलायला सुरुवात करावी लागते. बाळाच्या झबल्यांच्या शिवणकामाचे वाटपही वाड्यावाड्यांत फिरते ठेवावे.

निवडणूक जवळ आली की साड्या आणि भांडी घेऊन पुढारी येतात. सेवेच्या खात्यात कुठल्याही पक्षाची किंवा उमेदवाराची रक्कम घेऊ नये. एकदा घेतली की पुढच्या वर्षी महिना वीस रुपये कुणी देत नाही. मतदार यादीत नाव आहे का हे पाहणे, ग्रामसभेत बसणे, प्रश्न विचारणे हे मात्र करावे. डेल्टा सिग्मा थीटाच्या पाच कार्यक्षेत्रांत राजकीय जाणीव हे एक आहे, आणि त्यासाठी त्यांना कुणाचा झेंडा हाती घ्यावा लागत नाही.

आपल्या दैनिकाकडे दोन मागण्या आहेत. कोकण आवृत्तीत रोज सूर्योदयाच्या चौकटीशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. आणि दर महिन्याच्या 7 तारखेला, येत्या 9 तारखेची माता तपासणी कुठल्या रुग्णालयात व आरोग्य केंद्रात आहे आणि सुट्टीमुळे दिवस बदलला आहे का, याची तालुकावार यादी द्यावी. ग्रामस्थ मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती अशी की, येत्या वार्षिक सभेत लेकींची वेगळी नोंदवही उघडण्याचा ठराव घ्यावा. त्यात माहेरचे गाव, सासरचे गाव आणि सध्याचा पत्ता असे तीन रकाने असले की सुरुवातीला पुरे.

आपल्या,
दापोली व गुहागर तालुक्यांतील ग्रामसंघांच्या कार्यकर्त्या